सिरुवाणीच्या पाण्यात दळलेलं पीठ

पूंगोडीला हट्ट सोडायला सांगण्यात अर्थ नाही, हे तिची शेजारीण म्हणून मला तेवीस वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं. कोइंबतूरच्या पीलमेडूत आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे. मी सूतगिरणीतून निवृत्त झाले त्याच वर्षी ती शिकवायची त्या शाळेने गृहविज्ञानाचा वर्ग बंद केला आणि बाई घरी बसल्या. घरी म्हणजे कॉम्प्युटरपुढे. ब्लॉग लिहायला लागली. कशावर? तर स्वयंपाकघरातल्या यंत्रांवर!

"कोण वाचणार गं ते?" मी विचारलं.

"ज्याला इडलीचं पीठ दळायचा ग्राइंडर घ्यायचाय तो वाचेल, अक्का. दुकानदाराला विचारलं तर त्याची सगळीच यंत्रं उत्तम असतात."

लिहायच्या आधी ती यंत्र स्वतः वापरून बघायची. तोच भिजवलेला उडीद, तेच माप, चाळीस मिनिटं दळण. मग पाण्याच्या वाटीत पिठाचा छोटा गोळा सोडायचा. तरंगला तर पास, बुडाला तर नापास. लेखाच्या अगदी वर ठळक अक्षरांत लिहायची, की खालच्या लिंकवरून तुम्ही यंत्र घेतलंत तर मला थोडं कमिशन मिळतं, तुम्हाला किंमत तीच पडते. आणि तळाशी लिहायची, उपयोग झाला असेल तर जमेल ते पाठवा.

"ही तर देवळातली दानपेटीच झाली!" मी चिडवलं.

"देव तरी दळून दाखवतो का?" ती म्हणाली. अशी तोंडाळ!

तिचा नवरा तंगवेल पंपाच्या कारखान्यात आहे. माणूस सज्जन, पण धास्तावलेला. त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं गांधीपुरममध्ये घरगुती यंत्रांचं मोठं दुकान आहे. तिथे पूंगोडीसाठी जागा तयार होती. तंगवेलने शेवटी सांगून टाकलं, "पोंगलपर्यंत बघ. ब्लॉगवर भागलं तर ठीक, नाहीतर दाजींच्या दुकानात जायचं." म्हणजे वर्षभर ज्यांना नापास केलं तीच यंत्रं गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची. तिने मान डोलावली, पण रात्री जेवली नाही.

आणि मग तिचं नशीब उघडलं. एका छोट्या, वाकवून पीठ काढता येणाऱ्या ग्राइंडरवर तिने लिहिलं आणि तो लेख गावोगाव फिरला. लोक त्या लिंकवरून यंत्र घ्यायला लागले. मीसुद्धा घेतलं. दिवाळी दोन महिन्यांवर होती, गिरण्यांचे बोनस झाले की बायका ग्राइंडरच घेतात. तंगवेल तर शीळ घालत कामावर जायला लागला.

तेवढ्यात रामनाथपुरमहून कालीश्वरी नावाच्या बाईंचं पत्र आलं. फोटो होता. दगड ज्या खुंटीवर फिरतात ती गंजलेली आणि पीठ राखेच्या रंगाचं. खाली लिहिलं होतं, "टीचर, तुमच्यावर भरवसा ठेवून घेतलं. आमच्याकडचं पाणी खारं आहे. तुम्ही कुठल्या पाण्यात दळलं होतं?"

पूंगोडीने ते मला वाचून दाखवलं.

कुठल्या पाण्यात म्हणजे? सिरुवाणी धरणाच्या! आम्हा कोइंबतूरवाल्यांना दुसरं पाणी ठाऊकच नाही. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात आणि तो "गोड आहे हो" म्हणेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत बसतात. बाकी जग बोअरचं मचूळ पाणी पितं, हे तिच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ती पल्लडमजवळच्या मामाकडे गेली आणि त्याच्या खाऱ्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून बसने घेऊन आली. पुढचे चाळीस दिवस हेच. कंडक्टर तिला हसायचा. एका नव्या यंत्रात रोज त्या पाण्याने दळायचं, धुवायचं, पुसायचं. तेविसाव्या दिवशी खुंटीवर तांबूस डाग दिसला. चाळिसाव्या दिवशी पीठ राखाडी.

"लिंक काढतेय," तिने सांगितलं.

तंगवेलने कपाळाला हात लावला. "अगं, पुढच्या आठवड्यात बोनस आहेत! दिवाळी होऊ दे, मग काढ."

"अहो, दिवाळीत घेतील म्हणून तर आत्ता काढायची."

मीही त्याचीच बाजू घेतली, खोटं कशाला सांगू? म्हटलं, "माझं यंत्र झकास चाललंय की! वेडी आहेस का?"

"अक्का, तुमच्या नळाला येतं ते पाणी माझ्या वाचकांच्या नळाला येत नाही." एवढं बोलून तिने लिंक काढली. त्याच जागी लिहिलं, "माझं चुकलं." कुठे चुकलं तेही लिहिलं, गंजाचे फोटो लावले. यापुढे प्रत्येक ग्राइंडर गोड, मचूळ आणि खाऱ्या अशा तीन पाण्यांत दळल्याशिवाय लिंक देणार नाही, आणि हे काम कोणाला हवं असेल तर हातभार लावा, असं सांगितलं.

दिवाळी कोरडी गेली. कमिशन जवळपास थांबलं. वाचकांकडून थोडं थोडं यायला लागलं, पण त्यात घर चालत नव्हतं. तंगवेलची शीळ बंद पडली. ती मात्र पहाटे उठून दळत होती, वाटीत गोळे सोडत होती, लिहीत होती.

पोंगलच्या दिवशी मी त्यांच्याकडेच होते. गोड भात उतू गेला, आम्ही "पोंगलो पोंगल" ओरडलो, आणि पानावर बसताना तंगवेलने विचारलंच, "मग? किती झाले?"

तिने आकडा सांगितला. लपवला नाही. दुकानाच्या पगाराच्या निम्मेच होते.

"ठरलं होतं आपलं," तो हळूच म्हणाला.

"ठरलं होतं. मी नाही जाणार." तिने पानातला गोड भात कालवला. "शिव्या द्या, मी नाही जाणार."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. हात गुळाने चिकट, म्हणून तिने कोपराने स्पीकर लावला.

"टीचर, मी रामनाथपुरमची कालीश्वरी. पोंगलच्या शुभेच्छा! मुलाकडून तुम्हाला महिन्याला पन्नास रुपये पाठवायचं लावून घेतलंय, पोचतात ना?"

"पोचतात, अम्मा. तुमचं यंत्र मात्र माझ्यामुळे..."

"ते राहू दे हो. दोन महिन्यांनी, पंगुनीत मुलीचं लग्न आहे, तिला ग्राइंडर द्यायचाय. दिलीय परमकुडीला, तिथलं पाणी तर आमच्याहून खारं. चार दुकानदार मागे लागलेत, मी सांगितलंय, आमच्या टीचर दळून सांगेपर्यंत घेणार नाही. सांगाल ना?"

पूंगोडीने तंगवेलकडे बघितलं. मी तिला वेडी म्हटलं होतं, त्याची मला लाज वाटली आणि डोळे भरून आले ते वेगळंच. शेवटी फोनकडे वाकून तंगवेलच म्हणाला, "सांगेल, अम्मा. नक्की सांगेल."

मग त्याने हात धुतले आणि म्हणाला, "तू जेव. दाजींना मी कळवतो."