टाळू भरली

ऑक्टोबर लागला होता. सकाळचे साडेसातही वाजले नव्हते, तरी मोरवा गावच्या गल्लीत अंगाला घामाची चिकचिक. सुलूने पदर खोचला, तेलाची बाटली पिशवीत टाकली आणि रिक्षा गाठली. सकाळी तीन घरं, तीन बाळं. पहिलं घर पूनम सागर कॉम्प्लेक्समधलं. गेले पंधरा दिवस त्या घराची बेल दाबण्याआधी ती दारात घुटमळायची.

सुलू माहेरची रोह्याकडची. तीस वर्षं दुसऱ्यांची पोरं चोळतेय. शाळा चौथीपर्यंत, पण बाळाचं डोकं तिच्या बोटांना पाठ. कपाळाची दोन हाडं, त्यांच्या मागे दोन पसरट, पाठीमागे एक, कानांपाशी एकेक. "सुटी सुटी असत्यात," ती नव्या आयांना सांगायची, "म्हनून तर जन्मताना एकमेकांवर सरकून डोकं बारीक व्हतं. मग आतला मेंदू वाढंल तशी फाकत जात्यात. देवानं आधीच घट्ट कवटी दिली असती तर आई बी मेली असती न पोर बी."

पुढची चार हाडं जिथे भेटतात ती मऊ जागा म्हणजे टाळू. तिच्यावर रोज कोमट तेल घालायचं, याला म्हणतात टाळू भरणं. आणि दीडेक वर्षात ती जागा हाडाने बुजली, की तेव्हाही म्हणतात, टाळू भरली. शब्द एकच. घोळ तिथेच झाला.

निकेत अडीच महिन्यांचा. पंधरा दिवसांपूर्वी तेल घालताना सुलूच्या बोटाला मऊ जागा जेमतेम नखाएवढी लागली. तिथून मागे, डोक्याच्या मधोमध, कडक उंचवटा. ती म्हणाली, "ताई, टाळू भरली हाय."

स्वयंपाकघरातून शुभदाताईंचा, म्हणजे बाळाच्या आजीचा, आवाज आला, "भर, चांगली भर. तेलाला हात आखडू नकोस."

ताईंनी ते तेलाचं समजून घेतलं, हे सुलूला त्याच क्षणी कळलं. तरी ती गप्प बसली. मागे एका घरी, बाळ मान धरत नाही, डॉक्टरला दाखवा, एवढंच बोलली होती. अपशकुनी तोंडाची म्हणून त्यांनी दार लावलं आणि चार बिल्डिंगांत बोभाटा केला. उद्या सांगू, उद्या सांगू करत दिवस गेले. भाकरी थापतानाही बोटांखाली तो उंचवटाच यायचा.

आज ती पाय पसरून बसली, निकेतला नडग्यांवर घेतलं. शुभदाताई समोरच उभ्या राहिल्या.

"सुलू, डोकं बघ, होडीसारखं लांबुळकं होत चाललंय. पुढून-मागून दाब ना जरा. आमच्या गिरगावच्या बाईने ह्याच्या बाबाचं, अभिनवचं, डोकं महिन्यात चेंडूसारखं गोल केलेलं. तुझ्या हातात जोर नाही की काय?"

"दाबनार न्हाय मी."

"म्हणजे?"

"दाबून काय व्हायचं न्हाय. हाडं जुळली त्याची. मी म्हनले व्हते ना, टाळू भरली."

"तेल म्हणालीस तू!"

"तुमी तेल ऐकलंत. मला कळलं व्हतं. तरी गप बसले."

आवाज ऐकून बाळाची आई, इशिता, ओल्या केसांनीच बाहेर आली. "मावशी, काय झालं बाळाला?"

सुलूने तिचं बोट धरून उंचवट्यावरून फिरवलं. "ही शिवण. ही मोकळी पायजे. ती बंद झाली, मग मेंदू बाजूला वाढनार कसा? जातोय पुढं न मागं."

"डॉक्टरपेक्षा जास्त कळतं का गं तुला?" शुभदाताई कडाडल्या. "शनिवारी लस आहेच. तेव्हा विचारू."

"मला कळत न्हाय, म्हनून तर आज न्या म्हनते."

इशिता पर्स शोधायला लागली होती. "आई, आत्ताच जातोय आपण. मावशी, तुम्हीपण चला."

दवाखान्यात डॉक्टरांनी टेपने डोकं मोजलं, बोटं फिरवली. वरचा सांधा वेळेआधी जुळल्यासारखा वाटतोय, म्हणाले. स्कॅन करा. तसंच निघालं तर मुंबईत मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन करून मेंदूला वाढायला वाट मोकळी करतात. लवकर आलात ते बरं. मग विचारलं, "डोकं दाबलं नाही ना कुणी?"

"न्हाय," सुलू म्हणाली.

"छान केलंत."

तिला त्यात छान काही वाटलं नाही. परतताना रिक्षात शुभदाताई सुलूकडे वळल्या.

"पंधरा दिवस, सुलू."

"व्हय, ताई."

सुलूची उतरायची जागा आली. ती उतरली, तेव्हा ताई म्हणाल्या, "उद्या ये. वेळेवर ये."

दुसऱ्या घरी आशा दारातच ताटकळत होती. पहिलटकरीण, महिन्याभराची मुलगी. सुलूने तेल कोमट करून घेतलं, मुलीला नडग्यांवर निजवलं, टाळूवर चार थेंब सोडले. बोटाखाली मऊ जागा धडधडत होती. तिने बोट नेहमीपेक्षा जास्त वेळ तिथेच ठेवलं.

"टाळू भरली का हो, मावशी?" आशाने विचारलं.

सुलूने बोट उचललं.

"तेल घातलं," ती म्हणाली. "टाळू उघडी हाय. बोट ठेव, तुझं तू बघ."

आशा भीत भीत बोट ठेवून बसली. सुलूने बादली ओढली आणि पाणी किती कढत आहे ते कोपर बुडवून बघितलं.