उजवीकडचं तिसरं लोणचं

हसणार नाही असं वचन मी मागत नाही, कारण तुम्ही ते पाळणार नाही. फक्त चहा आधी संपवा, नाहीतर ठसका लागेल.

तर असं बघा. दिल्लीत द्वारकेतल्या आमच्या घरात कढई माझ्याकडे आणि ड्रिल मशीन सुजाताकडे. सुजाता म्हणजे माझी बायको. नवीन लग्न होऊन दिल्लीला आलो तेव्हा तिने एकदा पिठलं केलं आणि मी एकदा गीझरची वायर जोडली. दोन्हींतून वाचल्यावर आम्ही खाती बदलून घेतली. आजतागायत सरकार सुरळीत चाललंय.

मृणू, आमची मुलगी, मानसशास्त्र शिकलेली. तिने एकदा आम्हा दोघांना समोर बसवून ढीगभर प्रश्न विचारले आणि निकाल दिला. लोक ज्यांना पुरुषी म्हणतात ते गुण आईत भरपूर, बायकी म्हणतात ते बाबांत भरपूर, आणि खरं तर दोघांत दोन्ही. अशी माणसं म्हणे कुठेही निभावून नेतात. मी हा निकाल अख्ख्या ऑफिसला ऐकवला. महिला दिनाला त्यावर भाषणसुद्धा ठोकलं. टाळ्या पडल्या हो!

आणि मग मृणूने अनिकेत पसंत केला आणि त्याचे आईवडील, गाझियाबादचे पाटणकर, रविवारी जेवायला येतो म्हणाले. मुलाकडचे येणार, एवढंच मी ऐकलं आणि माझ्या अंगात माझे आजोबा शिरले.

"सुजाता, पुरणपोळ्या मी करून ठेवतो. पण त्या तू केल्यास."

"म्हणजे?"

"म्हणजे तसं सांगायचं. जुन्या वळणाचे असले तर? मुलीचा बाप पोळ्या लाटतो कळलं तर काय म्हणतील?"

"आणि महिला दिनाचं भाषण?"

"ते ऑफिसात, यार. इथे पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे."

"मृणूला विचारलंस?"

"तिला कशाला टेन्शन?"

इथेच घात झाला. पण तेव्हा कळतंय कुणाला? मी सुजाताला साडी नेसवली, तिची हत्यारांची पेटी माझ्या सोफ्याशेजारी आणून ठेवली आणि पाय पसरून पेपर वाचत बसलो.

पाटणकर मंडळी आली. माणसं एकदम लाघवी. पाटणकरबाई निवृत्त शिक्षिका, बोलणं स्वच्छ आणि थेट. पानं वाढली. पहिला घास घेऊन त्या माझ्याकडे बघून हसल्या.

"पोळी अप्रतिम झालीय हं."

"सगळं हिने केलंय," मी छाती काढून म्हणालो. "आपल्याला त्यातलं काही कळत नाही."

बाईंचं हसू मावळलं. मृणू काहीतरी बोलायला लागली, म्हणून मी टेबलाखालून तिचा पाय जोरात दाबला. पाय पाटणकरांचा निघाला.

"वहिनी, पुरण इतकं मऊ कसं हो?" बाईंनी सुजाताला विचारलं.

"सोपं आहे. मिक्सरमधून फिरवायचं."

माझा घास अडकला. मिक्सर! मी उभ्या आयुष्यात पुरणाला मिक्सर लावलेला नाही.

"मिक्सर कसला? पुरणयंत्र!" मी ओरडलो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. "म्हणजे, सोफ्यावरून दिसतं ना हिचं काम."

बाई आणखी तुटक झाल्या. मला वाटलं, आपण पुरुष म्हणून कमी पडतोय. तेवढ्यात सुजाताने आत जाऊन मायक्रोवेव्ह लावला, एसी चालूच होता, आणि घरातली लाइट गेली.

"तुम्ही बघता ना इलेक्ट्रिकचं?" पेटीकडे बोट दाखवत पाटणकर म्हणाले.

"बिल्कुल." मी पेटीतला सगळ्यात मोठा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि मेन बोर्डासमोर उभा राहिलो. आत बटणांची रांग. कुठलं पडलंय देव जाणे. मागून सुजाताचा आवाज आला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच ती मला अहो म्हणाली.

"अहो, पाहुण्यांना लोणचं वाढा. उजवीकडचं तिसरं."

मी डावीकडून मोजत होतो. शेवटी पाटणकर उठले, शांतपणे एक बटण वर केलं, लाइट आली आणि ते पुन्हा आमटीकडे वळले.

पाटणकरबाईंनी मात्र हात धुतले.

"स्पष्ट बोलते, राग मानू नका. मृणाल म्हणाली होती, आमच्याकडे पोळ्या बाबा करतात. आमचा अनिकेतही करतो, म्हणून वाटलं दोन घरं जुळतील. पण तुम्ही इतकी वर्षं बायकोच्या पोळ्या मुलीला स्वतःच्या म्हणून सांगितल्यात? मला अशा माणसांची फार चीड आहे."

मृणूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, मीच करतो हो पोळ्या," मी म्हणालो.

"पुन्हा तेच?"

"खरंच, हाच करतो," सुजाता म्हणाली.

"वहिनी, तुम्ही त्यांना पाठीशी घालू नका."

सत्य बोलणाऱ्याची एवढी पंचाईत मी कधी पाहिली नव्हती. मी सरळ उठलो, स्वयंपाकघरात गेलो आणि तवा ठेवला. सगळे दारात उभे. घाईघाईत पहिली पोळी उलटताना फुटली आणि पुरण तव्यावर सांडलं. मागे कुणीतरी सुस्कारा सोडला.

पुढचं मला आठवतही नाही, हात आपले सवयीने चालत गेले. फडक्याने तवा पुसला, आच कमी केली, दुसरी लाटली. ती टम्म फुगली. मी तिच्यावर तूप सोडलं, ताट बाईंच्या हातात दिलं आणि फुटलेली ओट्यापाशीच उभ्याने खायला लागलो.

पाटणकरबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"फुटलेली पोळी मुकाट्याने स्वतः खातो, तोच घरात रोज करणारा. मीही तीस वर्षं तेच केलंय." आणि त्यांनी माझ्या हातातली अर्धी फुटकी पोळी तोडून घेतली. मृणूने मागून येऊन मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "बाबा, माझ्या त्या प्रश्नांच्या परीक्षेत तुम्ही नापास."

लग्न झालं, छान झालं. विहीणबाई दर होळीला फोन करून मला पुरणाचं प्रमाण विचारतात. माझी अब्रू परत मिळाली, असं मी धरून चाललो होतो.

परवा व्याह्यांचा फोन आला. मी उत्साहाने उचलला.

"नमस्कार व्याही! बोला, काय सेवा करू?"

"तुम्ही नको. जरा विहीणबाईंना फोन द्या," पाटणकर म्हणाले. "आमचं उजवीकडचं तिसरं लोणचं सारखं पडतंय."