गाडीसाठी दिलेलं तेल

"ते तेल गाडीसाठी दिलंय. पायाला नाही."

बाई फाटकाच्या आत उभी होती, मी बाहेर. तिच्या हातात स्टीलची वाटी, वाटीत खोबरेल तेल. फाटकाच्या गजांमधून मी ओंजळ पुढे केलेली. तिनं हातभर उंचीवरून धार सोडली. वाटी माझ्या हाताला लागू नये म्हणून मनगट वर उचललेलं. अर्धं तेल ओंजळीत पडलं, अर्धं फरशीवर. मी बोटभर तेल घेऊन वाकले आणि डाव्या घोट्याला लावायला गेले, तेवढ्यात ती हे बोलली. आवाज चढवला नाही. आज भाजी कोणती करायची ते मोलकरणीला सांगावं, तसं सांगितलं.

घोट्यावर डांबराचे तीन डाग होते. गरम डांबराचे. खाली कातडी जळत होती.

मी ते तेल पायाला लावलं नाही. गाडीला लावलं. याचा राग मला त्या बाईपेक्षा स्वतःचाच जास्त येतो. म्हणून हे सांगते आहे.

मी रोडच्या कामावर आहे. नागपुरातले मोठे रस्ते आता सिमेंटचे झाले, पण कॉलन्यांच्या आतल्या गल्ल्या अजून डांबराच्या, आणि त्या आमच्यासारख्या बायांच्या हातानं होतात. जुना रस्ता तारेच्या ब्रशनं खरडायचा, झाडायचा, झारीनं गरम डांबर शिंपडायचं, वर डांबर-गिट्टी पसरायची, मग रोलर. आमच्या टोळीत अकरा बाया. पायात प्लास्टिकची चप्पल, तिच्यावर गोणपाटाच्या चिंध्या बांधलेल्या. रबरी बूट आहेत, नाही असं नाही. इंजिनीअर येतो त्या दिवशी ते निघतात, फोटो होतो, आणि परत पोत्यात जातात.

माझी आईही रोडवरच होती. उमरेडकडचे कितीतरी रस्ते तिच्या टोळीनं केलेत. मी बारावी झाले, उमरेडलाच. लग्न झालं, नागपूरला आले, आणि आईनं जे टाळायला मला शाळेत घातलं होतं त्याच कामावर येऊन उभी राहिले. त्याची रडकथा मी सांगणार नाही. काम कामासारखं आहे, लाज त्याची नाही.

त्या दिवशी मे महिन्यातली सकाळ होती. गल्ली चांगली, दोन्ही बाजूला गुलमोहर, प्रत्येक फाटकावर नावाची पाटी. आदल्या दिवशीच मुकादमानं घरोघरी सांगितलं होतं, गाड्या काढून ठेवा. सगळ्यांनी काढल्या. एकानं नाही. त्याची पांढरी गाडी फाटकासमोर तशीच उभी. मुकादम विचारायला गेला तर म्हणाला, "माझ्या घरासमोर माझी गाडी उभी आहे. तुम्ही बाजूनं करा." आम्ही बाजूनं केलं. दुसरं काय करणार.

दहा-साडेदहाला साहेबांना बाहेर जायची घाई झाली. आम्ही नुकतंच डांबर शिंपडून गिट्टी टाकली होती, वाफा निघत होत्या, रोलर अजून टोकाला होता. मुकादमानं हात वर केला, "साहेब, दहा मिनिटं थांबा." साहेबांनी ऐकलं नाही. गाडी सुरू केली आणि ओल्या डांबरातून मागे घेतली. चाक जागीच फिरलं. गिट्टी उडाली, डांबर उडालं. एका बाजूच्या दोन्ही दरवाज्यांच्या खालच्या अंगाला काळे ठिपकेच ठिपके. आणि मी झारी घेऊन बाजूला उभी होते, माझ्या घोट्यावर तीन.

रुखमा मावशीनं आपल्या प्यायच्या बाटलीतलं पाणी माझ्या पायावर ओतलं. पूर्ण बाटली. मावशी आमच्या टोळीतली सगळ्यात जुनी, साठीच्या घरातली. "वरबडू नको वं," ती म्हणाली. "कातडं येते त्याच्यासंगं." मला माहीत होतं. डांबर पहिल्यांदा पाण्यानं थंड करायचं, मग तेल लावायचं आणि गप्प बसायचं. रोज संध्याकाळी काम सुटलं की आम्ही बाया गोल बसतो आणि एकमेकींचे पाय धरतो. आपली टाच आपल्याला नीट दिसत नाही, म्हणून मी मावशीचे पाय घेते, मावशी दुसरीचे. जवसाचं तेल लावून ठेवतो, गप्पा होतात, तोवर डांबर मऊ पडतं, मग चिंधीनं एक हात मारला की निघून येतं. मावशी म्हणते, डांबर घासायचं नसते, मनवायचं असते. त्या दिवशी जवसाच्या तेलाची बाटली मुकादमाच्या मोटरसायकलच्या कुलूपबंद डिकीत होती आणि मुकादम साहेबांपुढे हात जोडून उभा होता.

साहेब गाडीतून उतरले. दरवाजा पाहिला. मग सरळ माझ्याकडे पाहिलं. झारी माझ्याच हातात होती.

"हिनं उडवलं."

अकरा बाया, दोन रोलरवाले, मुकादम. सगळ्यांनी पाहिलं होतं. मी झारी खाली ठेवली.

"साफ कर," साहेब म्हणाले. "एक ठिपका राहिला तर तुझ्या ठेकेदाराचं बिल निघू देणार नाही."

मुकादम माझ्याकडे वळला. "काहून उभी राहिली वं? साहेब बोलून राहिले ना. कर साफ. फालतूची झंझट नको मले."

मी म्हटलं, "तेल लागते." म्हणून साहेबांनी घरात आवाज दिला, आणि बाई वाटी घेऊन आली. पुढचं सांगितलंच आहे.

वरून पडणारी धार मी त्याआधी पाहिली नव्हती. ऐकली होती. माझ्या आईची आई गावात विहिरीपासून लांब ओंजळ धरून बसायची, आणि वरून कुणीतरी पाणी सोडायचं. आई सांगायची तेव्हा मला वाटायचं, ते गेलं. आम्ही शिकलो, शहरात आलो, ते गेलं. कुठं गेलं? फाटकाच्या आत गेलं होतं, इतकंच. बाईनं वाटी धुतली नाही, फाटकाच्या आतल्या नळाशेजारी उपडी ठेवून दिली आणि तिथंच उभी राहिली. धुवायची गरजच नव्हती, वाटीला माझ्या हाताचा स्पर्शही झाला नव्हता.

मी गाडीजवळ बसले. प्रत्येक ठिपक्यावर बोटानं तेल लावलं. मग थांबले. पायाची आग होत होती. एकीकडे गाडीचा रंग तेल पीत होता, दुसरीकडे माझी कातडी कोरडी. तेल माझ्याच बोटांवर होतं आणि मी ते माझ्याच पायाला लावत नव्हते. कुणी हात धरला नव्हता. फाटकाआडून दोन डोळे पाहत होते, तेवढं पुरलं.

"बसली काय? हात चालव," साहेब म्हणाले.

"थांबा साहेब. तेल मुरू द्या. मंग आपोआप सुटते."

"मला शिकवते?"

ते आत गेले आणि भांडी घासायची तारेची घासणी घेऊन आले. मी म्हटलं, "तारेनं नका घासू साहेब. रंग जाते." ते खाली वाकले, मागच्या दरवाज्यावरच्या, चाकाजवळच्या ठिपक्यांवर घासणी ठेवली आणि जोर लावला. "असं. असं घासतात. हात आहेत की नाही तुला?" खर्र खर्र आवाज आला. डांबर निघालं. डांबराखालचा रंगही निघाला. चंद्रकोरीसारखे ओरखडे, सात-आठ, उन्हात चमकणारे.

तोवर पुढच्या दरवाज्यावरचं तेल मुरलं होतं. मी डोक्याचा दुपट्टा सोडला आणि एक हात फिरवला. काळं सगळं दुपट्ट्यावर आलं. खाली पांढरा रंग, स्वच्छ, एक रेघ नाही. पुढचा दरवाजा माझा, मागचा त्यांचा. पाहणाऱ्याला सांगायची गरज नव्हती.

साहेबांनी दोन्ही दरवाजे पाहिले. मग ते पुन्हा आत गेले. मला वाटलं, लाजले. आमच्या लोकांचा हा जुना भोळेपणा आहे, समोरच्याला लाज वाटत असेल असं आपणच धरून चालतो.

ते कागद घेऊन आले. अक्षर सुंदर होतं, एकसारखं, शुद्धलेखन एकदम बरोबर. कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवला.

"नाव?"

मी सांगितलं.

"आडनाव?"

सांगितलं.

"हं," ते म्हणाले. "तरीच."

तरीच काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तो शब्द मला शाळेपासून ओळखीचा आहे. वर्गात पहिली आले तरी 'तरीच', नापास झाले तरी 'तरीच'.

"अंगठा दे इथं," साहेब म्हणाले. मुकादम शाईचा पॅड काढायला डिकीकडे निघाला, तर त्यांनी त्याला हातानं थांबवलं. "राहू दे. हिचा अंगठा काळाच आहे. शाई कशाला लागते?"

आणि मुकादम हसला. तो माझ्याच गावाकडचा, माझ्याच मोहल्ल्यासारख्या मोहल्ल्यातला. तो हसला.

अंगठ्याचं सांगते. आमच्या टोळीत हजेरीवर सगळ्या बाया अंगठाच देतात. ज्यांना लिहिता येतं त्याही. मी पहिल्या दिवशी पेन मागणार होते, तर रुखमा मावशीनं चिमटा काढला. कानात म्हणाली, "सही करशीन तं उद्या हजेरीत नसशीन. शिकलेली बाई मुकादमाले चालत नाही, ते हिशेब इचारते." तेव्हापासून चार वर्षं मी अंगठा दिला. बारावी पास बाई, अंगठा. डांबरानं बोटांवरच्या रेषा इतक्या झिजल्या की रेशनच्या दुकानातलं मशीन माझा अंगठा ओळखतच नाही. तीन-तीनदा पुसून ठेवावा लागतो. सरकारच्या मशीनला जो अंगठा माझा वाटत नाही, तो या साहेबाला मात्र चालत होता.

मी कागदावर वाकले. अंगठा द्यायला वाकले असं त्यांना वाटलं. मी वाचत होते.

'मी, खाली अंगठा करणारी मजूर बाई, लिहून देते की माझ्या निष्काळजीपणामुळे गाडीवर डांबर उडाले. ते साफ करताना मी तारेची घासणी वापरल्याने गाडीला ओरखडे पडले. यात गाडीमालकांची कोणतीही चूक नाही.'

दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना माझ्या पायाची आग थांबली होती. थांबली नसेल, मला कळत नव्हती. आत दुसरंच काही पेटलं होतं.

"पेन द्या," मी म्हटलं.

"पेन कशाला?"

"लिहाले."

मुकादम जवळ आला. "तुले लिहिता येते?"

"येते."

"मंग चार वर्षं काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही इचारलं नाही."

साहेबांच्या हातात पेन होतं. त्यांनी ते दिलं नाही. रोलरवाल्याच्या खिशात एक होतं, डिझेलचा हिशेब लिहायचं. त्यानं ते माझ्यापुढे धरलं. मी त्या सुंदर अक्षराखाली माझ्या अक्षरात लिहिलं. माझं अक्षर वाकडं आलं, लिहायची सवय सुटली होती. पण लिहिलं.

'वरचं सगळं खोटं आहे. मालकाने ओल्या डांबरावरून गाडी काढली म्हणून डांबर उडालं. तारेची घासणी मालकाने स्वतः मारली. पुढचा दरवाजा मी तेलाने साफ केला, त्यावर ओरखडा नाही. माझा पाय भाजला आहे.' खाली पूर्ण नाव लिहिलं. आडनाव जरा मोठ्या अक्षरात.

साहेबांनी कागद उचलला. वाचला. पुन्हा वाचला. मग त्याचे चार तुकडे केले आणि नाल्यात टाकले.

टाकू दे. वाचून टाकले.

मग मी फाटकाकडे गेले. नळाशेजारी वाटी उपडी होती. गजांतून हात घातला, ती घेतली, आत तळाला थोडं तेल चिकटलेलं होतं. फाटकाबाहेरच्या त्यांच्या पायरीवर बसले. बोटानं तेल निपटलं आणि घोट्याला लावलं, तिन्ही डागांना, सावकाश. बाई म्हणाली, "अगं, ती आमची वाटी आहे." मी मान वर केली नाही. डांबर मऊ पडेपर्यंत मी तिथून उठले नाही. मग दुपट्ट्याच्या कोऱ्या टोकानं पुसलं, आणि वाटी फाटकावरच्या नावाच्या पाटीखाली ठेवली, सरळ.

"उद्या येऊ नको," मुकादम म्हणाला.

मी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या बाया रांगेत अंगठा देत होत्या, मीही रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली. मुकादमानं शाईचा पॅड सरकवला नाही, वहीच मिटली. "तुले सांगितलं होतं ना." मी बाजूला सरले. माझ्या मागे रुखमा मावशी होती. तिला लिहिता येत नाही, एक अक्षर नाही. तिनं हात पाठीमागे बांधले आणि म्हणाली, "माहा अंगठाही दुखून राहिला आज." मुकादमानं वही उघडली आणि तिचं नाव खोडलं. मावशीलाही काढलं.

आता आम्ही दोघी दुसऱ्या टोळीत आहोत, शहराच्या दुसऱ्या टोकाला. घोट्यावर तीन पांढरे डाग राहिले. ते जाणार नाहीत, आणि मला ते घालवायचेही नाहीत. या टोळीचा मुकादमही पहिल्याच दिवशी शाईचा पॅड पुढे करून बसला होता. मी पॅड बंद केला आणि त्याच्या हातात परत दिला. तो म्हणाला, इथं कोणी सही करत नाही. मी म्हटलं, आजपासून मी करते, आणि ज्या कागदावर माझं नाव लागेल तो मी आधी वाचते. काढायचं असेल तर आत्ताच काढा.

त्यानं पेन दिलं. उद्या तोही काढेल कदाचित. काढू दे. नागपुरात गल्ल्या पुष्कळ आहेत, आणि प्रत्येक गल्लीत एक पांढरी गाडी उभी असणार. गाडीवर डांबर उडालं तर मी साफ करीन, ते मला येतं. पण आधी माझा पाय.