चारशे वेढे

माझा छताचा पंखा पाडव्याला बंद पडला आणि मे अर्धा सरला तरी मी पुठ्ठ्याने वारा घेत होतो. दोष सगळा चांगदेवचा. दुसऱ्या कुणाकडे टाकला असता तर दोन दिवसांत मिळाला असता. पण आमच्या आंबिवलीच्या चाळीतले पंखे तेवीस वर्षं त्यानेच भरले, आणि मला जुनी माणसं बदलता येत नाहीत. पंखा भरणं म्हणजे आतली जळालेली तार काढून नवी गुंडाळणं. एका गुंडाळीला चारशे वेढे, आणि एका पंख्यात अशा कितीतरी गुंडाळ्या.

शहाडकडचा त्याचा कारखाना बंद झाला तेव्हा चांगदेव चाळिशीचा होता. महिनाभर तो कॉटवर पडून छताकडे बघत राहिला. शेवटी जाईबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, ती कॉटच आतल्या खोलीत ढकलली, मध्ये पडदा टांगला आणि म्हणाली, "झालं तुमचं दुकान. बसा आता."

पहिलाच पंखा फसला. कारखान्यात त्याने मोठाल्या विजेच्या मोटारी भरलेल्या. ही केसासारखी तार गुंडाळताना गिऱ्हाईक बोलत राहिलं आणि चांगदेवचा आकडा चुकला. पंखा गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन धूर सोडायला लागला. त्या दिवशी जाईबाईने चिंचेच्या डब्यातले मूठभर चिंचोके धुऊन घेतले, एक स्टीलची वाटी घेतली आणि त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसली. "तुम्ही शंभर म्हणा. पुढचं माझ्यावर सोडा."

तेव्हापासून तसंच चाललं. तो तार गुंडाळायचं हँडल फिरवत मोठ्याने मोजणार, शंभर झाले की ती वाटीत एक चिंचोका टाकणार. चार पडले की "बास" म्हणणार. मोजणी चालू असताना कुणी बोलायचं नाही, हा तिचा नियम. दारात कुणीही येवो, ती नुसता तळवा वर करायची. चाळीस वर्षं शाळेत पोरांना गप्प बसवून मी पोट भरलं, पण त्या तळव्यापुढे मीही मुकाट उभा राहिलोय.

मग मुलीला मूल झालं. अमृता घोडबंदर रोडला एकोणिसाव्या मजल्यावर राहते. नवरा-बायको दोघं नोकरीला. जाईबाई सहा महिन्यांसाठी म्हणून गेली, चिंचोके रुमालात बांधून घेऊन गेली, आणि त्याला आता चार वर्षं होतील. जिल्हा एकच, पण महिन्याकाठी एखादा रविवार मिळाला तर मिळाला. चांगदेवही एकदा राहायला गेलेला. चौथ्या दिवशी परत. मी विचारलं तर म्हणाला, "मास्तर, तिकडे सगळं चालू आहे हो. काही बिघडतच नाही. मी करू काय?"

त्यांनी मार्ग काढला तो असा. दुपारी साडेतीनला नात संचिता झोपली की चांगदेव फोन लावायचा, स्पीकर चालू करून तेलाच्या डब्याला टेकवायचा आणि मोजायला लागायचा. शंभर म्हटलं की तिकडून टण्ण आवाज यायचा. तासाभरात चार-पाच गुंडाळ्या व्हायच्या. हा सगळा वेळ दोघं एकमेकांशी एक शब्द बोलायचे नाहीत, आणि मला तर वाटतं, चाळीतल्या एकाही जोडप्याचं इतकं बोलणं होत नसेल.

एप्रिलपासून संचिताने दुपारची झोप सोडली आणि माझा पंखा लटकला. मी चिडून म्हटलं, "अहो, मोजायची मशीन मिळते."

"अमृताने आणून दिलीय की. त्या फळीवर आहे." खोकं फोडलेलंसुद्धा नव्हतं. "आता थोडेच दिवस, मास्तर. जूनमध्ये पोरगी शाळेत जाणार. मग ही येतेय." त्याने तिच्या स्टुलाला नवं रेक्झिन लावून घेतलं होतं, लाल. त्यावर मला बसू देईना.

मग एका मंगळवारी मला हाक आली. "या मास्तर, आज झोपलीय पोरगी. तुमचाच घेतो." मी दाराशी बसलो. फोन लागला. जाईबाई म्हणाली, "अहो, मोजायच्या आधी एक सांगायचं होतं."

चांगदेवचा हात हँडलवर होता. "मोजून झाल्यावर सांग," तो म्हणाला आणि सुरू झाला. "एक, दोन, तीन..."

शंभर. टण्ण. दोनशे. टण्ण. चारशेला चौथा चिंचोका पडला, पण तिकडून "बास" आलं नाही, आणि हाही थांबला नाही. चारशे एक, चारशे दोन. मी तोंड उघडलं, तर त्याने तळवा वर केला, अगदी तिच्यासारखा. मोजताना त्याची नजर लाल स्टुलावर होती. पाचशे. टण्ण. सहाशेला त्याचा आवाज फाटला, तरी आकडा चुकला नाही. गुंडाळी फुगत चालली होती, पंख्यात ती बसणं शक्य नव्हतं, आणि मला माझ्या पंख्याचं काही वाटेनासं झालं. मला नुसतं वाटत होतं, याने थांबू नये. तिकडे तीही न बोलता एकेक चिंचोका टाकत होती.

आठशे सदुसष्टला रीळ संपलं. हँडल रिकामं फिरलं.

"तार संपली," चांगदेव म्हणाला.

"आठ झाले. वर तुमचे सदुसष्ट."

"हं. आता सांग."

"अमृताला परत दिवस गेलेत."

"चांगलं झालं की," तो म्हणाला. "म्हणजे अजून चार वर्षं."

"तीन. तीन धरा. मलाही तिथंच बसायचंय हो. पण पोरीला नाही कसं म्हणू?"

त्याने डोळे पुसले, माझ्यासमोर, लपवालपवी न करता. मग गुंडाळीचं टोक शोधून तार परत रिळावर घ्यायला लागला.

"काय करताय?" तिने विचारलं.

"उलगडतोय. मास्तरांची गुंडाळी चुकली."

"मग फोन ठेवू नका," जाईबाई म्हणाली. "उलटं मोजा. मी एकेक काढते."