टाकीकाकांची काठी

आमच्या नेरूळच्या सोसायटीत टाकीकाकांना कुणी "काय काका, कसे आहात?" विचारलं, की ते तब्येत सांगत नसत, "तीन वितीच आहे," असं टाकीतलं पाणी सांगत. तळोज्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले काका रोज सकाळी गच्चीवरच्या टाकीत काठी बुडवायचे आणि माप खाली फळ्यावर खडूने लिहायचे. टाकी काठोकाठ भरलेली असली तरी "आज आहे," एवढंच म्हणायचे.

एकदा माझ्या एसीखाली बादली लावून त्यांनी ठिबकणारं पाणी साठवलं आणि माझ्याच दारात आणून ठेवलं. "तुझंच आहे. लादी पूस." मी हसले, आणि पुसलीही. पण सातवीतल्या माझ्या मुलीला त्यांनी तेल, वाळू, पाणी सगळं कसं संपणार आणि शहरं कशी ओस पडणार हे समजावलं. ती जेवेना, तेव्हा मी तावातावाने भांडायला गेले. "चुकलं गं माझं," काका म्हणाले, "पण खोटं काय सांगू?" मी तशीच परत फिरले.

मग त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, प्यायचं पाणी पेल्याने मोजून. काकूंचे गुडघे दुखायचे, म्हणून शनिवारी मी सोबत जायची. पहिल्याच शनिवारी त्यांनी सिस्टरला विचारलं, "या मशीनला पाणी किती लागतं?"

"एका पेशंटला पिंपभर तरी जातं, काका. तुमी टेन्शन नका घेऊ, पाण्याची सोय आहे."

काकांनी डोळे मिटून घेतले. परतताना रिक्षात मला वाटलं, हा हट्टी माणूस आता यायचंच बंद करणार, काकूंना काय सांगू? ते म्हणाले, "आयुष्यभर लोकांना सांगत आलो, थांबा. आता माझ्याच्यानेच थांबवत नाही. जगायचंय गं मला. मग लोक तरी कशाला थांबतील?"

मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काठी माझ्याकडे आणून दिली. "पिंपभर पिणाऱ्याने मापं काढू नयेत." त्यानंतर फळा कोराच राहिला. दोन वर्षं ते न चुकता डायलिसिसला गेले. गेल्या दिवाळीनंतर वारले.

काठी माझ्या गॅलरीत उभी आहे. परवा मी नळाखाली भांडी घासत होते, तेव्हा मुलीने विचारलं, "आई, टाकीत आता किती आहे गं?"

"आहे," मी म्हणाले. वर जाऊन बघायचं धैर्य झालं नाही.