पाचव्या पद्धतीची होडी

कचेरीत त्यांना सगळे परीक्षकबाई म्हणत. उपग्रहाने काढलेली अंधूक चित्रं ठळक करून देणाऱ्या संगणकी पद्धती त्यांच्याकडे यायच्या आणि बाई त्यांना मार्क द्यायच्या. खरं, स्पष्ट चित्र स्वतःजवळ झाकून ठेवायचं, त्याचंच अंधूक रूप पद्धतीला द्यायचं आणि तिने काय काढलं ते ताडून पाहायचं. "आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तरी पाचव्या पद्धतीला पहिला नंबर त्यांनीच दिला होता. तिची चित्रं पाहून डोळे निवत.

त्यांच्या दादाची मासेमारीची होडी परतली नाही, त्याच्या चौथ्या दिवशी बाईंनी समुद्राचं ताजं चित्र पाचव्या पद्धतीला दिलं. निळ्या पाण्यात एक पांढरी होडी उमटली, नाक उत्तरेला. शोधपथकाचा प्रमुख म्हणाला, "बाई, तुम्ही म्हणता म्हणजे झालं." दक्षिणेला निघालेल्या बोटी उत्तरेला वळल्या.

वहिनीने चित्र फळीवर, दादाच्या चष्म्याला टेकवून उभं केलं. "घराकडे तोंड आहे बघ. एरवी हाका मारून माझा घसा बसतो, तरी वळत नाहीत."

तीन दिवसांनी बोटी रिकाम्या परतल्या. शोध थांबला.

दुसऱ्यांचे पेपर सात वेळा तपासणाऱ्या बाईंनी हा एकदाही तपासला नव्हता. नवव्या दिवशी त्यांनी त्याच जागेचं जुनं चित्र काढलं. ते टिपलं त्या दिवशी दादाची होडी धक्क्याला बांधलेली होती, आणि समुद्रात दुसरी कुणाचीही नव्हती. पाचव्या पद्धतीने तिथेही होडी काढली. तशीच पांढरी, नाक उत्तरेला. होड्यांची चित्रं पाहून शिकलेली ती. पाणी रिकामं सोडणं तिला ठाऊकच नव्हतं.

संध्याकाळी बाई चप्पल न काढताच दारात उभ्या राहिल्या.

"वहिनी, ती होडी नाही."

"मग काय आहे?"

"काही नाही. नुसतं पाणी."

वहिनी फळीकडे वळली. "आणि दक्षिणेला कोण गेलं होतं, ताई?"

"कुणीच नाही."

वहिनीने चष्मा उचलला. टेकू गेला तसं चित्र पालथं पडलं. तिने काचा बाहीला पुसल्या, काड्या मिटल्या, चष्मा डबीत ठेवला आणि डबी बंद केली.