उभ्यानं मशीन चालत नाही

आज शिलाई मशीनला तेल देताना तोच जुना वास आला अन् पांढुर्ण्याच्या आमच्या ओसरीतला चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा तो दिवस आठवला. माझ्या शिवणकामाचा पहिलाच दिवस. शेजारच्या काकू ब्लाऊजचं कापड घेऊन आल्या होत्या. मी शिवायला बसले, तोच मामाजी, म्हणजे माझे सासरे, संत्र्याच्या बगीच्यातून परतले. सासऱ्यासमोर सुनेनं बसायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. पदर सावरत मी झटकन उठले. सुई कापडातच अडकून राहिली.

"उभ्यानं मशीन चालते काय? बस," मामाजी म्हणाले.

मी बसले. काकूंनी तोंडाला पदर लावला. "अगं बाप्पा! सून स्टुलावर अन् सासरा उभा!"

"काम सून करून राहिली," मामाजी म्हणाले. "मी तं रिकामाच."

आणि ब्लाऊज शिवून होईपर्यंत ते मुद्दाम तिथंच, खांबाला टेकून उभे राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्या साऱ्या गल्लीनं पाहिलं.

त्याच ओसरीचं पुढे माझं दुकान झालं. मामाजींचा फोटो मशीनसमोरच लावलाय. रोज सकाळी त्यांना नमस्कार करते, तोही बसूनच.